पवनीची मंडई आणि दोन ग्राफिक्स कार्डं

दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवून मी आयुष्यात एकही वस्तू घेतलेली नाही. चिखल्याच्या खाणीवरच्या एका कचेरीने भंगारात काढलेले टाइपरायटर मी लिलावात उचलले, तेही प्रत्येकावर एक ओळ टाइप करून पाहिल्यावर. त्याच यंत्रांवर पवनीत टायपिंगचा क्लास उभा केला. बायको शिकवायची, मी यंत्रं दुरुस्त करायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हा क्लास बंद पडायला आला. आमच्याकडेच बोटं चालवायला शिकलेल्या एका पोराने चौकात "कॉम्प्युटर येत आहे" असा फलक लावला आणि नव्या बॅचला कोणी नाव घालेना. आम्हीही कॉम्प्युटर आणायचा आणि बॅच भरायची, नाही तर कुलूप लावायचं. तिसरा रस्ता नव्हता.

नागपूरच्या दुकानात दोन कॉम्प्युटर मांडलेले होते. बाहेरून जुळे भाऊ. फरक आत होता, पडद्यावर अक्षर आणि चित्र पाठवणाऱ्या कार्डात. ग्राफिक्स कार्ड हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. रंगीत कार्डाच्या पडद्यावर हिरवा पोपट लाल चोच उघडमिट करत होता. एकरंगी कार्डाच्या पडद्यावर काहीच नाही, नुसती एक हिरवी रेघ लुकलुकत होती.

"सोळा रंग, शेठ!" दुकानदार म्हणाला.

"मोजून दाखव."

त्याने मोजले. पाठीमागचा काळा धरून चार भरले. बाकीचे रंग चित्राला मिळत नाहीत, अक्षरांनाच मिळतात, हे त्याने मग हळूच सांगितलं. मी तिथेच तापलो. एक माल नाचवून दाखवायचा आणि दुसरा झोपवून ठेवायचा, हा खेळ मी धानाच्या अडतीवर लहानपणापासून पाहिलेला. म्हटलं, पोपट उडव. एकच इंग्रजी पत्र दोन्हीवर घे आणि पडदे शेजारी ठेव.

मग खरं दिसलं. एकरंगी कार्ड एका अक्षराला चौदा ठिपक्यांची उंची देत होतं, रंगीत कार्ड आठांची. आठ ठिपक्यांत अक्षराने अंग चोरून बसायचं. चित्र काढायचं तर एकरंगीकडे आडवे सातशे वीस ठिपके, उभे तीनशे अठ्ठेचाळीस. रंगीताकडे तीनशे वीस आणि दोनशे. त्याला आडवे दुप्पट ठिपके मागितले तर तो रंगच सोडून द्यायचा! शिवाय पत्र भराभर सरकवलं की रंगीत पडद्यावर पांढरे कण उडत, राइस मिलमध्ये कोंडा उडतो तसे.

बायको बराच वेळ दोन्हीकडे पाहत होती. ती म्हणाली, "या रंगीत पडद्यापुढे दिवसभर पोरी बसवल्या तर सगळ्यायले चष्मे लागतील."

आम्ही एकरंगी घेतलं. अर्धा दिवस घासाघीस करून त्याच किमतीत झाकायची कव्हरं आणि मराठी अक्षरं काढणारी फ्लॉपीही काढून घेतली. निघताना दुकानदाराचा चेहरा उतरला होता, म्हणजे सौदा बरोबर झाला होता.

चौकातल्या पोराने आठ दिवसांत तेच रंगीत कार्ड आणलं. पोपटासकट.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आसपासच्या गावांतली माणसं पाहुण्यांकडे उतरतात आणि दिवसभर फिरतात. पोराने मंडईत दुकान मांडून पोपट बसवला. त्याच्यापुढे ही गर्दी! मी माझं यंत्र उचलून त्याच्या शेजारी मांडलं आणि ओरडलो, "खरं-खोटं इथंच होऊ द्या! एकच अर्ज दोन्ही यंत्रांवर काढतो. लांबून वाचून दाखवा."

पोरगा हसत तयार झाला. माझी फ्लॉपी दोन्हीकडे चालवली. करडी गावचा एक शेतकरी पुढे आला. माझ्या पडद्यावरचा अर्ज त्याने न अडखळता वाचला. पोराच्या पडद्यावर मात्रा आणि वेलांट्या एकमेकींत घुसल्या होत्या. तिथे तो "विनंती"लाच अडकला.

मी लोकांकडे वळलो. "पाहिलं?"

"पाहिलं जी," शेतकरी म्हणाला. "पन तुमच्याजवळ पोपट काहून नाही?"

लोक खो खो हसले.

"पोपट काय तुझा अर्ज लिहून देईल?"

"नाही देनार. पन आमी कुठं अर्ज कराले आलो? आमी मंडई पाहाले आलो!"

पोराने संधी साधली. "सर, जमाना रंगाचा आहे. तुमी अजून रिबनच बदलून राहिले."

मी त्याच्यावर धावलोच होतो, बायकोने शर्ट धरला. त्या मंडईत त्याची बॅच भरली. आमच्याकडे दोन मुली आल्या, त्याही एकमेकींच्या सोबतीने.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या त्या दुकानाचा मेकॅनिक कीबोर्ड दुरुस्त करायला आला. बायकोने त्याला चहा दिला आणि विचारलं, "हे कार्ड काढून रंगीत बसवता येते का?"

"काढायचं कायले, मॅडम? दोन्ही बसतात, एकाच यंत्रात. दोघांचे रस्ते वेगळे आहेत. फक्त दुसरा पडदा लावा."

मी हातातली बशी आपटली. "तुझ्या मालकापुढे मी अर्धा दिवस घसा कोरडा केला! कोणतं चांगलं, कोणतं वाईट! तेव्हा तो का बोलला नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं, साहेब? तुम्ही तर सांगतच होते."

मी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. रंगीत कार्ड आणि पडदा आणायला बायको एकटी गेली. पडदा तिने खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवला आणि त्यावर पोपट सोडला. आत मुली हिरव्या पडद्यावर चौदा ठिपक्यांची अक्षरं वाचत काम करायच्या. बघता बघता बॅच भरली, शेवटी दुसरी काढावी लागली. क्लास वाचला, हे मी नाकारत नाही. पण कोणतं कार्ड कामाचं, हे मी भर मंडईत सिद्ध करून दाखवलं होतं, आणि त्याबद्दल पवनीतल्या एकाही माणसाने आजवर मला हुं म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, पोपटाने तारलं.

करडीचा तो शेतकरीसुद्धा मुलीला घेऊन आला. "पोपटवाला क्लास हाच न जी?"

मी त्याला ठिपके समजावून सांगू लागलो. चौदा म्हणजे किती, आठ म्हणजे किती, आणि तू स्वतः कोणता अर्ज वाचला होतास. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "लाईन गेली आन पोपट बंद राहिला, तं त्या दिवसाची फी कापान न?"

मी ताडकन उठलो. पण तोवर बायकोने त्याच्या मुलीला आतल्या खुर्चीवर बसवून कीबोर्ड पुढे सरकवला होता.