गुप्तहेर पटत नाही

रहस्यकथा लिहायला बसलेल्या माणसांकडे रहस्यं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आमच्याकडे तर कथा एकच, किस्से पोतंभर!

आम्ही तिघं. कारखान्यात शिफ्ट करणारा सरावलीचा शिंदे, बेटेगावचा वाडीवाला राऊत आणि दोघांच्या मधे लुडबुडणारा मी. दर रविवारी राऊतच्या वाडीत चिकूखाली बसून आम्ही एक खून करायचो. कागदावर! एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आमची कथा दोनदा परत पाठवली होती. खून छान, खुनी छान, पण "गुप्तहेर पटत नाही." यंदा शेवटची संधी होती. हसू नका, पण एकदा तरी आपलं नाव छापून यावं, अशी फार इच्छा होती हो आमची.

*

शिंदेचा पहिला गुप्तहेर लांब कोट, हॅट आणि मफलर घालून बोईसर स्टेशनला उतरला. तेही मे महिन्यात!

राऊत म्हणाला, "खुनी पकडायच्या आधी ह्यालाच सलाईन लावायला लागंल!"

कोट गेला. मफलर मात्र शिंदेने हट्टाने आणखी काही पानं टिकवला.

*

मग मी तिखट नाकाचा गुप्तहेर आणला. नुसत्या अत्तराच्या वासावरून सालवडच्या रस्त्यात खुनी ओळखणारा! मोठ्या झोकात वाचून दाखवलं.

शिंदे भडकला. "अरे, कारखान्यांकडचा वारा सुटला की मला माझ्या डब्यातल्या सुकटीचा वास येत नाही. आणि हा अत्तर हुंगतोय?"

सुकटीपुढे वाद संपला.

*

पाठलाग तरी खरा वाटावा म्हणून तालीम करायचं ठरलं. एके संध्याकाळी, शिंदेला न सांगता, मी स्टेशनपासून त्याच्या मागे लागलो. बाजारात भाजीवालीने "भाऊ, आज पायी?" म्हणून हटकलं. तिला खुणेने गप्प केलं, तर एक रिक्षावाला ओरडला, "साहब, शिंदेजी आगे हैं! रुकवाऊँ क्या?"

आणि त्याने खरंच रुकवलं! शिंदे मला बघून आनंदाने हात हलवायला लागला.

शिंदेच्या घरी पोचलो तर वहिनी दारातच. "भावजी, पाठलाग झाला असेल तर चहा घ्या."

वहिनींना कोणी सांगितलं, ते आम्हा रहस्यलेखकांना अजून कळलेलं नाही.

*

तर परवा ती कथा स्वीकारली गेली! संपादक म्हणाले, "ही गुप्तहेर आजी झकास. एकदम पटली."

आजी आम्ही रचलेली नाही. ती राऊतची शेजारीण, भागीआजी. एका रविवारी ती वाडीत आली. "माजा कोंबडा गावत नाय रं."

आम्ही उडालोच. खरी केस! शिंदे पिसं शोधायला लागला, मी ठसे. राऊत मात्र जागचा हलला नाही. "जाऊ द्या ना, मुंगसाने नेला असंल," एवढंच म्हणत राहिला.

शिंदेने आजीला खाटेवर बसवून जबाब सुरू केला. "कधीपासून दिसत नाही?"

"मागल्या रविवारपास्नं."

"मागच्या रविवारी आम्ही दिवसभर इथेच होतो," शिंदे ऐटीत म्हणाला. "कोणी परका माणूस आला नाही. उलट आमच्या राऊतने आमच्यासाठी स्वतःचा एकुलता एक कोंबडा कापला!"

तेवढ्यात राऊतच्या गोठ्यामागून कोंबडा आरवला. पाठोपाठ ऐटीत बाहेरही आला.

"आजी, सापडला तुमचा!" मी ओरडलो.

"ह्यो माजा नाय. ह्यो राऊताचा हाय."

शिंदेने जबाब पुढे चालू ठेवला. "बरं, तुमचा कोणावर संशय?"

आजीने कोंबड्याकडे बघितलं, मग राऊतकडे. राऊत चिकूची पानं मोजत होता. आजी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रस्सा कसा झालता, तेवडं सांगा."