इगतपुरीच्या आधी की नंतर

तरुणपणी मी स्वतःला फार शहाणी समजत असे. कॉलेजात असताना एक जाडजूड कादंबरी वाचली होती, कचेऱ्यांच्या दारांत आयुष्य घालवणाऱ्या एका माणसाची. मैत्रिणींना म्हणाले, "बावळटच आहे गं हा! सरळ आत घुसायचं आणि साहेबाला विचारायचं." पन्नाशी उलटली तरी ही अक्कल शाबूत होती. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात दिवसभर गोंगाट ऐकायचे आणि घरी आले की माझा.

त्या दिवशी आम्ही मुंबईहून परतत होतो. यांच्या हृदयाची तपासणी होती. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. कसारा सुटल्यावर घाटातल्या बोगद्यांत फोनची रेंज गेली. हे खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले. मी बोलतच होते. समोरच्या बाईची साडी, जावयाचं वाढलेलं पोट, नाशिकरोडचे रिक्षावाले. हे अधूनमधून हुंकार देत होते, ते कधी थांबले मला कळलं नाही. उत्तराची वाट बघून बोलायची मला सवयच कुठे होती?

इगतपुरीहून गाडी सुटली आणि फोन वाजला. लेक होती. दोनदा आशा लागून मोडली होती तिची. "आई, बाळाचे ठोके ऐकवले गं डॉक्टरांनी! आधी बाबांना सांग."

मी यांच्या कानाशी वाकले. "अहो आजोबा, उठा आता!"

हे हसले. ओठाची डावी कड जराशी वर गेली. मी लगेच फोनवर सांगून टाकलं, "ऐकलं गं त्यांनी. हसलेसुद्धा."

नाशिकरोड आलं. मी हलवलं, पण हे उठले नाहीत.

स्टेशनवर आलेल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'मृत्यू साधारण तासाभरापूर्वी'. इगतपुरी सुटूनही साधारण तासच झाला होता.

मग दाखल्याचं सुरू झालं. चालत्या गाडीत माणूस गेला, तर त्यानंतर गाडी जिथे पहिल्यांदा थांबते तिथे नोंद करायची, असा नियम आहे म्हणे. नाशिकची खिडकी म्हणायची, इगतपुरीच्या आधी गेले असतील, तिकडे जा. इगतपुरीची म्हणायची, नाशिकला उतरवलंत ना, मग तिकडेच जा. दोन्हीकडे कागद आत जायचे, बाहेर यायचे. आतला हात कुणाचा, ते कधी दिसलं नाही. एकदा माझ्या जुन्या अकलेला स्मरून घुसलेच आत. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल होता. साहेब नव्हते. टॉवेलाला काय विचारणार?

नाशिकच्या खिडकीवरची मुलगी भली होती. शेवटी तिनेच विचारलं, "मावशी, इगतपुरीनंतर ते काही बोलले का?"

"हसले."

"हसणं कसं चालेल? पाणी मागितलं, हात हलवला, असं काही?"

"अगं, पस्तीस वर्षांचा संसार माझा. हसलेले मला कळणार नाहीत?"

"मला पटतंय हो. पण आत विचारतील, बघितलं कोणी?"

समोरची बाई कुठल्या गावची, हेही मी विचारलं नव्हतं. तिच्या साडीचा काठ मात्र अजून सांगू शकते.

दाखला आला. मृत्यूचं ठिकाण, इगतपुरी. म्हणजे सरकारच्या हिशेबानं गाडी इगतपुरीत शिरली, तेव्हाच हे गेलेले होते. मी वाकून सांगितलं, ते कुणालाच नाही. आणि त्याआधी घाटात किती वेळ मी जावयाच्या पोटावर बोलत बसले होते, देव जाणे.

लेकीनं दाखला वाचला. तिला सातवा महिना होता. "आई, इगतपुरी? मी फोन केला तेव्हा तर इगतपुरी गेलं होतं ना?"

"सरकारी चूक गं," मी म्हणाले. "दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. या लोकांचं काही खरं नाही."

"बाबा हसले होते ना पण?"

"हसले म्हणजे! गालाला खळी पडेपर्यंत."

यांना खळी कधीच पडत नव्हती. लेकीला ते माहीत होतं. तिनं दाखल्याची घडी घालून माझ्या हातात दिली.

नात आता शाळेत जाते. लेक अजून कधीतरी विचारते, "आई, त्या अर्जाचं काय झालं?" मी म्हणते, साहेब बदलले, पुन्हा सगळं पहिल्यापासून. अर्ज मी टाकलेलाच नाही. टाकला, तर खिडकीतून पुन्हा तोच प्रश्न येईल, इगतपुरीनंतर ते काही बोलले का? आणि या वेळी घाईघाईनं 'हसले' म्हणायला माझी जीभ उचलेल की नाही, मला सांगता येत नाही.