डावऱ्या हाताची गाठ

हॉटेलवाला कल्याण पेढे घेऊन दारात आला, तेव्हाच झुंबरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. गुरुवारचा उपास होता. पेढे त्यांनी दत्ताच्या फोटोपुढे ठेवले, पण नजर कल्याणच्या हातातल्या कागदावरून हलेना.

राहात्याहून शिर्डीकडे जाताना कल्याणचं हॉटेल लागतं. तिथं त्यानं भंगारातून आणलेलं जुनं विमान उभं केलं होतं, एकावर एक असे दुहेरी पंख असलेलं. लढाईच्या काळात नवशिके वैमानिक त्यावर शिकले, मग ते फ्लाइंग क्लबात गेलं, मग मोडीत. आता त्याला पाटी लावायची होती, आणि पाटीसाठी कागदावर गहिनीनाथांची सही हवी होती.

गहिनीनाथ, म्हणजे झुंबरबाईंचे मालक, लग्नाआधी त्याच क्लबात विमानं शिवायचे. म्हणजे, ते तसं सांगत. "कापडाचे पंख असत्यात. आत लाकडी फासळ्या, त्याला कापड टाचायचं." गाव त्यांना विमानशिंपी म्हणून चिडवायचं. झुंबरबाई चारचौघांत कधी हसल्या नाहीत, पण सत्तेचाळीस वर्षांत त्यांनाही ते पटलं नव्हतं. उडणारी वस्तू कुणी सुईदोऱ्यानं शिवतं होय?

सहीसाठी कल्याण गहिनीनाथांना विमानापाशी न्यायला निघाला. "मी बी येते," त्या म्हणाल्या.

विमानाजवळ कल्याणनं चहा मागवला. झुंबरबाईंनी घेतला नाही. एवढी खातिरदारी कशासाठी?

"वाच की रं कागद."

"‘हे संपूर्ण विमान मी माझ्या हातानं शिवलं.’ एवढंच, आजी."

गहिनीनाथांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते पंखावरून नुसता हात फिरवत होते, चेहरा उजळलेला. "तेच हाय गं. आन पेन."

"थांबा," म्हणत झुंबरबाई खालच्या डाव्या पंखाखाली वाकल्या. कापडावरची पट्टी एका जागी सुटली होती. आत मेण लावलेला दोरा, फासळीला आवळलेला, दर चार बोटांवर एक गाठ. दोन वेढे, मग उलटा फास. गहिनीनाथ डावरे. घरातली बाज त्यांनीच विणलेली. ज्या गाठींवर सत्तेचाळीस वर्षं पाठ टेकली, त्या झुंबरबाईंनी बोटानं ओळखल्या.

त्यांनी तीच गाठ पुन्हा एकदा चाचपली. मग पदरानं तोंड पुसून दुसऱ्या बाजूला गेल्या. तिथंही पट्टी निघाली होती. गाठी सुलट्या. परक्या.

"हा उजवा तुमचा न्हाई."

"न्हाई?" गहिनीनाथांनी बोट लावून पाहिलं. पेन खाली केलं. "व्हय. न्हाई."

"जाऊ द्या की आजोबा," कल्याण म्हणाला. "पाहुण्यांना काय कळतंय?"

"ह्यात बसून वर जानाऱ्या पोराला तरी काय कळत हुतं? काम झालं की क्लबाच्या वहीत मी सही करायचो, ती बघून बसायचा त्यो. डावा पंख म्हन, खालचा. तेवढंच लिव्ह."

कल्याणनं तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. झुंबरबाईंनी कागद घट्ट धरला. गहिनीनाथांनी डाव्या हातानं सही केली.

घरी आल्यावर शेजारच्या बनुबाई ओट्यावरच होत्या. "काय वो झुंबरबाई, शिवलं व्हतं का इमान तुमच्या मालकांनी?"

"खालचा डावा पंख," झुंबरबाई म्हणाल्या. "मी हात लावून आले."

आणि देवापुढचा एक पेढा उचलून त्यांनी बनुबाईंच्या हातावर ठेवला.