मी कॅरलचे आभार मानले

बूट मी दाराबाहेर काढले. हा माझाच बावळटपणा. जर्सी सिटीतल्या आमच्या ऑफिसात वंशभेदावर वर्कशॉप होतं. सगळे जमिनीवर उशा टाकून गोल बसलेले, आणि जमिनीवर बैठक दिसली की आपले पाय आपोआप बूट सोडतात. बाकी सगळे बुटांसकट. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर. मीच आधी हसलो. म्हणजे इतरांना सोपं जातं.

मग गोऱ्यांनी एकेकाने मनातलं बोलायचं होतं. कॅरल माझी मॅनेजर. ग्रीन कार्डाच्या माझ्या कागदांवर तिचीच सही व्हायची होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "ट्विन टॉवर पडले त्या महिन्यात सिक्युरिटीला फोन मीच केला होता. तुझ्या बॅगेबद्दल."

दोन वर्षं मला माहीत नव्हतं, कोणी केला ते. लॉबीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं मला. डब्यातली मटकीची उसळ टेबलावर ओतून पेनाने चिवडली होती. माझ्याच टीममधली माणसं खाली बघत लिफ्टकडे गेली. घरी बायकोला सांगितलं, डबा ट्रेनमध्ये सांडला.

कॅरल रडायला लागली. हुंदके देऊन. "मला माझीच लाज वाटते." दोघींनी तिला मिठीत घेतलं. वर्कशॉप घेणारी बाई मला हळूच म्हणाली, "हे बोलायला किती धाडस लागतं! तुला तिला काही सांगायचंय?"

आणि मी काय केलं? खिशातला रुमाल दिला. इस्त्रीचा. म्हणालो, "थँक यू, कॅरल."

टाळ्या. तिला.

उसळ चिवडली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मात्र डोळे लपवायला मोज्यातला अंगठा आत ढकलत बसलो. माझ्याकडे त्या दिवसाचा अपमान तेवढा उरला होता. तोही आता तिचा झाला. मी नुसता पुरावा.

पुढच्या आठवड्यात ती माझ्या डेस्कशी आली. "मोठ्या साहेबांसमोर आपण दोघांनी ते पुन्हा करायचं का? सगळ्यांना फार भिडलं."

आमच्या मानेला हो म्हणायची सवय असते. ती हलायला लागलीच होती. थांबवली.

"नाही," म्हटलं. "आणि ते थँक यू मी परत घेतो. मला भिंतीकडे उभं केलं, त्याबद्दल एकदा माझ्याशी बोल. लोक न बोलावता."

तिचे डोळे पुन्हा भरले. "तू माझ्यावर रागावलायस?"

"हो."

या वेळी हात खिशाकडे गेला नाही.

घरी बायकोला सगळं सांगितलं. डब्यासकट. सवयीने जरा गंमत करून सांगत होतो. ती हसली नाही.

"आणि मी झाकण ढिलं समजून नवा डबा आणला," म्हणाली. ओट्याला टेकून उभीच राहिली. पदराने तोंड पुसलं.

मग म्हणाली, "कार्डाचं काय व्हायचं ते होईल. आपलं नागपूर काही बुडालेलं नाही. उद्या ऑफिसात लेखी द्या. फोन कोणी केला, बॅग कोणी उघडली, उभं कोणी केलं, सगळं नावानिशी. ती रडली, हे त्यात एका अक्षराने लिहायचं नाही."