मांजर ज्याच्या मांडीवर बसतं

आमच्या मागच्या गल्लीत राहणारे हे गृहस्थ घोडेगावच्या बाजारात म्हशींची दलाली करतात. चहाच्या हॉटेलात गुप्तहेर मालिका लागली की खुर्ची ओढून बसतात, पण खून झाल्यावर इन्स्पेक्टरकडे बघतच नाहीत. ते त्या घरातलं मांजर शोधतात.

"पुतन्याच्या मांडीवर बसलं बगा. मांजर परक्याच्या मांडीवर बसत न्हाई. ह्यो म्हनतो पयल्यांदाच आलोय, ते खोटं हाय."

शेवटी पुतण्याच पकडला जातो. तोवर यांचा चहा संपलेला असतो.

"तुम्ही मांजर पाळलंय का हो?" मी एकदा विचारलं.

"मी? जे जनावर बाजारात इकत न्हाई, त्याला मी दारात उभं करत न्हाई."

गेल्या रविवारी हॉटेल बंद होतं, म्हणून ते पहिल्यांदाच आमच्याकडे मालिका बघायला आले. आमची मनी पाहुणा दिसला की कपाटामागे पळते. महिनाभर ती घरच्या दुधाला तोंड लावत नव्हती, तरी चांगली गुबगुबीत झाली होती. ती सरळ आली, त्यांच्या मांडीवर चढली आणि अंगाचं वेटोळं करून डोळे मिटून बसली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"जुनी ओळख दिसतेय," मी म्हणालो.

त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही.

"गप बगा की. खुनी सापडतोय," म्हणाले, आणि मनीला कानामागे, तिला आवडतं नेमकं तिथंच, खाजवत राहिले.