देवाच्या वतीने उभा राहिलेला माणूस

ती घटना आठवली की पालीकडचा तो जांभ्याचा लाल रस्ता अजून डोळ्यांपुढे येतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडचा, रत्नागिरीत नवा फौजदार. काय दिवस होते ते!

एका सकाळी एका देवस्थानचे म्हातारे विश्वस्त ठाण्यात आले. गाव त्यांना भाऊ म्हणे.

"सायब, आमच्या देवाच्या नावान भलताच माणूस मुंबयच्या कोर्टात उभा र्‍हायलाय!"

देवस्थानचं करविषयक अपील मुंबईच्या न्यायाधिकरणात होतं. ते हातचं गेलं तर देवाची हापूसच्या कलमांची बाग जप्तीत जाणार. मुंबईत नोकरीला असलेल्या गावच्याच एका चाकरमान्याने विश्वस्तांच्या सह्यांचा ठराव दाखवून, आपणच प्रतिनिधी म्हणून, अपील मागे घ्यायचा अर्ज दिला होता. बागेवर डोळा असलेल्या व्यापाऱ्याशी त्याचं संधान होतं. न्यायाधिकरणाने भाऊंना सांगितलं, खरा प्रतिनिधी कोण ते पुढच्या तारखेला सिद्ध करा.

"सह्या तुमच्याच?" मी विचारलं.

"आमच्याच ओ! लायटीच्या अर्जाला म्हणून कोऱ्या कागदावर घेतलान त्यान. वाडीतलाच पोर, इश्वास ठेवला."

मी कपाळाला हात लावला. सह्या खऱ्या, मग ठराव खोटा कसा ठरवायचा?

त्या चाकरमान्याला मुंबईहून आणवलं. बडवून कबुली मिळते, पुरावा मिळत नाही, हे माझं जुनं मत. चहा पाजून बोलतं केलं.

"सभा कधी झाली?"

"गेल्या शिमग्यात. तेव्हा सगळे विश्वस्त गावातच असतात."

"कुठं?"

"देवळात. गुरवाने कौल लावून देवाला विचारलं, देवाने उजवा, म्हणजे होकार दिला, मग सह्या झाल्या."

मला हसूच फुटलं. त्या शिमग्याला तिथल्या बंदोबस्तावर मीच होतो. देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसून घरोघर फिरत होती. गुरव, मानकरी, सारा गाव पालखीमागे.

"अरे शहाण्या, शिमग्यात देवळात कौल लावायला होतं कोण? किती वर्षं गावाला आला नाहीस?"

त्याने हातातला कप खाली ठेवला.

गुरवाचे, मानकऱ्यांचे जबाब झाले. बंदोबस्ताची नोंद ठाण्यात होतीच. न्यायाधिकरणाने त्याचा ठराव फेटाळला. भाऊ गावाचा रीतसर ठराव घेऊन उभे राहिले, अपील चाललं आणि बाग वाचली. मला कोण आनंद झाला!

त्याच्यावर फसवणुकीचा खटला भरला. शिमगा जवळ आला तेव्हा भाऊ परत ठाण्यात.

"सायब, त्याला सोडा आसा मी बोलत नाय. पन जामिनावर हाय, कोर्टान गावबंदी घातलीय, तर शिमग्यापुरता गावात येऊ द्या."

"तुमच्या देवाला विकायला निघालेला माणूस तो!" मी चिडलोच.

"व्हय. पन त्याचा घर बंद आसला तरी पालखी दरसाल त्याच्या दारासमोरच्या खळ्यात थांबते. त्याच्या नावान नारळ आमीच ठेवतो."

मी कोर्टात हरकत घेतली नाही. दुसऱ्याच्या वतीने उभं राहायला कायद्याने ठराव लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण दुसऱ्याच्या वतीने उभं राहणं म्हणजे काय, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं.