समोरचा संघ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक सांगायला जमतंय. आडवळणाने बोलायची मला सवय नाही. तरी बघा — आज सुरुवात करताना तेच होतंय.

मी एका कॉलेजच्या जिमखान्याचं काम बघते. बस, पाणी, जर्सी, प्रथमोपचाराची पेटी, पालकांच्या सह्या — सगळं माझ्याकडे. माझ्या हातून कधी काही राहत नाही, असा माझा लौकिक. म्हणून मुलींचा फुटबॉलचा संघ उभा राहिला, तेव्हा सामने ठरवायचं कामही माझ्याकडेच आलं.

आमचं कॉलेज नवं, कुठल्याच लीगमध्ये नव्हतं. लीगमधल्या संघांना वर्षाचं वेळापत्रक आयतं मिळतं. आम्हाला एकेक सामना मागून आणावा लागे. त्यांचा एखादा शनिवार मोकळा निघाला, तर नेमकी आमची परीक्षा. दोन्ही जुळलं, तर मैदान नाही. मैदान मिळालं, तर पंच गावाला. मुली आपापसातच खेळत राहिल्या.

त्यांची कर्णधार प्रणाली. वर्ध्याची, शेवटच्या वर्षाला. पदवी झाली की घरी परत आणि खेळ बंद, हे ठरलेलं होतं. तिची काही तक्रार नव्हती. फक्त एकदा खऱ्या संघाशी, पंच लावून, पूर्ण वेळ खेळायचं होतं. आणि ते वडिलांनी बघायला हवं होतं.

कात्रजकडच्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक तयार झाले. मी त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे, इथेही तेवढंच म्हणते. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "पुण्यात कार्यालय मिळतं हो मॅडम, मैदान मिळत नाही. सामन्यापेक्षा लग्न ठरवणं सोपं."

मी हसले. ऑफिसात, मोठ्याने. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बरं नाहीये का?"

तारीख ठरवायला मेसेज पुरतो, हे मला कळत नव्हतं का? मी फोन करत होते. तेही करत होते, बहुतेक दुपारच्या चहाच्या वेळी. आधी तारखांचं बोलणं व्हायचं, मग त्यांच्या मैदानावर बसून राहणाऱ्या कुत्र्याचं, मग मी डब्यात काय आणलंय याचं. त्यांनी दिलेली पहिली तारीख मी नाकारली — परीक्षा आहे, असं सांगितलं. परीक्षा नव्हती. पण सामना झाल्यावर फोन कशासाठी करायचा? वारज्याच्या माझ्या घरी संध्याकाळी कुलूप मीच उघडते. आत कोणी काही विचारत नाही. सरांचा आवाज मी बसमध्ये मनात घेऊन घरी जायचे.

दुसरी तारीख मात्र टाळता येईना. शनिवार ठरला. मैदान मिळालं, पंच मिळाले. प्रणालीने त्याच दिवशी वडिलांना कळवलं. सर गुरुवारी फोनवर म्हणाले, "मॅडम, शनिवारी भेटूच. इतके दिवस नुसताच आवाज."

साधं वाक्य. दुसरं कोणीही खूश झालं असतं. मी घाबरले. मैदानावर त्यांना कोण दिसणार होतं? पाण्याचे कॅन मोजणारी, ऊन लागू नये म्हणून ओढणी डोक्यावर घेतलेली एक बाई. फोनवर मी वेगळी होते — हसणारी, जराशी खट्याळसुद्धा. आणि ते तरी कोण निघाले असते? त्यांच्या घरी कोण आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मुद्दामच.

आता सांगते. शुक्रवारी सकाळी मी त्यांना फोन केला आणि मैदान ऐनवेळी गेलं, असं सांगितलं. मैदान गेलं नव्हतं. ते म्हणाले, "हरकत नाही. पण तुमच्या मुलींना सांगा, आमच्या मुली फार उत्सुक होत्या."

मी मुलींना सांगितलं, त्या कॉलेजनेच नाही म्हटलं.

प्रणाली रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आपल्यासंग कोणाले खेळाचंच नाही का जी, मॅडम?" मी तिला म्हणाले, असं मनाला लावून घ्यायचं नसतं. — हे मी म्हणाले.

तोवर तिचे वडील निघाले होते. शनिवारी ते धुतलेला शर्ट घालून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. मुलींनी आपसात दोन गट केले. अर्ध्या जणींनी जर्सी उलटी घातली, म्हणजे कोण कुठल्या बाजूची ते कळावं. पंचांनी शिट्टी वाजवली. वडील माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "समोरची टीम अजून नाही आली का जी?"

मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, त्या कॉलेजने शब्द फिरवला.

"मोठे कालेजवाले असतीन," ते म्हणाले आणि मला एक संत्रं सोलून दिलं. मी खाल्लं.

सरांच्या पुढच्या तारखा लीगने भरल्या. फोनही थांबला. प्रणाली वर्ध्याला गेली. आपल्याशी कोणाला खेळायचंच नव्हतं, असं समजून गेली. मी तिला खरं कळवू शकले असते. नंबर अजून आहे. कळवलं नाही.

आणि त्याहून वाईट तेही सांगून टाकते. त्या वर्षाची आठवण निघाली, की सगळ्यांत आधी त्या उलट्या जर्सीतल्या मुली नाहीत, प्रणाली नाही, तिचे वडीलही नाहीत — दुपारच्या चहाच्या वेळी वाजणारा टेबलावरचा फोन आठवतो. आणि अजूनही, त्या वेळी, माझा हात तिकडे जातो.